मुलांना पूर्वेला धाडण्याचं भाषण

१ सप्टेंबर १८८४
अमेरिकेतल्या लाकोटा आदिवासींच्या वस्तीत मास्तरकीचं तिसरं वर्ष. शी! वर्गभर चरबीचा वास. खिडकी उघडली तर बाहेर दोरीवर मांस वाळतंय, त्यावर माश्या. खिडकी लावली. पुन्हा चरबी.
संकल्प: उद्यापासून नाकाला रुमाल बांधून शिकवायचं.

२ सप्टेंबर
दरोडेखोर आला म्हणून पोरं बाकांखाली शिरली. रुमाल रद्द.

९ सप्टेंबर
सरकारी एजंटसाहेबांनी बोलावलं. पूर्वेकडच्या बोर्डिंग शाळेला इथली मुलं हवीत. आईबाप सोडत नाहीत. मी म्हटलं, त्यांची भाषा मला अस्खलित येते. सरकारी रेशन वाटतात त्या दिवशी भाषण ठोकतो, दुसऱ्या दिवशी गाडी भरून देतो. साहेब नुसते बघत राहिले. भारावले असावेत.

१२ सप्टेंबर
पिवळी शाल नावाच्या शेजारच्या विधवा बाईंना भाषण वाचून दाखवलं. भाषा त्यांनीच शिकवली. बाकीचे माझ्याशी बोलत नाहीत. धाक! शालबाईंची नातही पूर्वेला जायची आहे. बाईंनी नातीला जवळ ओढलं. मग म्हणाल्या, छान आहे हो, दोन-चार शब्द तेवढे बदलू या. बदलू दिले. त्यांच्या हातांना आतड्यांचा वास. दार उघडं ठेवून बसलो.

१७ सप्टेंबर, रेशनचा दिवस
लोक रेशनच्या बैलांचं कच्चं काळीज खाताहेत, वर पित्त शिंपडून! तरी खोक्यावर चढलो. पहिल्याच वाक्याला हशा. झकास सुरुवात. दुसऱ्याला म्हातारे मांड्या बडवू लागले. मी आवाज चढवला. शेवटी वाकडं शिंग नावाचे आजोबा उठले. "पटलं गं ताई तुझं. जा हो खुशाल, आमची ना नाही."
ताई?
साहेबांच्या दुभाष्याला गाठलं. तो डोळे पुसत म्हणाला, "मास्तर, तुम्ही पहिल्यापासून बायकांसारखं बोलता. 'मी आले, मी जेवले.' आम्ही कशाला सांगू? इथे दुसरी करमणूक काय आहे?"
आणि आज मी काय बोललो?
"'मुलं आजीआजोबांजवळच राहू द्या. मला तेवढं पूर्वेला धाडा. मी विटले गं बाई इथे!'"
हे त्याने साहेबांनाही शब्दशः ऐकवलं होतं. साहेब म्हणाले, राजीनामा मंजूर. मुलांसाठी तिकिटं काढलेलीच आहेत.

१८ सप्टेंबर
शालबाईंना जाब विचारला. म्हणाल्या, "खोटं होतं का त्यात काही?" टोपी घातली, निघालो. नात त्यांच्या शालीआडून बघत होती.
गाडीपाशी सारी वस्ती लोटली. माझ्यावर जीवच तसा! ट्रंक बायांनीच चढवली, न सांगता. जरा घाईनेच.

२६ सप्टेंबर, पूर्वेचं स्टेशन
बोर्डिंग शाळेच्या बाई न्यायला आल्या होत्या. दोन्ही हातांवर छोट्या छोट्या कोटांचा ढीग. माझ्या पाठीमागे रिकाम्या डब्यात डोकावल्या. मुलं कुठे आहेत, म्हणाल्या. म्हटलं, मीच आले.
गारठा फार. एक कोट मागून घेतला. औषधाचा घाण वास. बटणं लागत नाहीत.