‘सरकी’च्या कागदावरची दुसरी सही

सोमवार, १८ नोव्हेंबर १९९६. जळगाव

सकाळच्या एसटीने सुधाकर धुळ्याहून आला. गुडघा धरत जिना चढला. बसायच्या आधीच पुण्याचं पत्र टेबलावर टाकलं. कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी मोठी कंपनी. आमच्याशी ‘भागीदारीबाबत चर्चा’ करायचीय म्हणे.

वाचलं, परत दिलं. आठ वर्षं दोघं मिळून हा धंदा करतोय, आपणहून पत्र लिहून कोणी बोलावलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. झोप आली.

“एकदा ऐकून तर घेऊ, वसू.”

ऐकू. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांसाठी ‘सरकी’ ही प्रणाली मी लिहिली, त्याने गावोगाव हिंडून विकली. कापसाची गाडी फाटकात आली की गाठ बाहेर पडेपर्यंत सगळी नोंद. डॉसवर चालते. विंडोजवरची दीड वर्ष लिहितेय. पावत्यांच्या छपाईत अडकलीय. आजही तिथेच.

गुरुवार, २१ नोव्हें.

पुण्याहून कर्णिक आले. स्वच्छ माणूस, मऊ आवाज. ‘सरकी’ दाखवायला घेतली तर दहा मिनिटांत घड्याळाकडे बघितलं. ग्राहकांची यादी मात्र तीनदा मागितली. कुठली जिनिंग, मालक कोण, मुलगा धंद्यात आलाय का.

मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही ऑफिस सांभाळता?”

सु.ने लगेच सांगितलं, “सरकी यांनीच लिहिलीय. अक्षर न् अक्षर.”

“अरे वा,” आणि पुन्हा यादी.

यादी दिली नाही. ते गेल्यावर सु. माझ्याशी धड बोलला नाही. धुळ्याची बस निघून जाईल म्हणून उठला. बसला अजून तासभर होता.

सोमवार, २५ नोव्हें. शिरपूर

आमचे जुने ग्राहक नाना, त्यांच्या जिनिंगमध्ये कॉम्प्युटर बंद. धुळ्याकडची जिनिंग सु. बघतो, पण मशीन बंद पडलं की मलाच यावं लागतं. वीज गेली, आली, त्यात फाइल मोडली. गाड्यांची रांग पार हमरस्त्यापर्यंत. तीन तास खुर्चीत. नाकातोंडात कापूस.

नाना शेजारीच बसून होते. “ताई, गाडा बठ्ठा उभा शेतस.”

“होतंय नाना.”

झालं एकदाचं. जेवल्याशिवाय सोडेनात. “तू शे म्हनीसन हाई चालस,” म्हणाले. मी आहे म्हणून चालतंय, हे ऐकून बरं वाटलं. खरं तर फारच बरं वाटलं. कर्णिकांनी हे ऐकायला हवं होतं.

मंगळवार, ३ डिसें. पुणे

दोघं आलो. काचेचं ऑफिस, थंडगार. सु. कर्णिकांबरोबर वरच्या मजल्यावर. मला त्यांच्या प्रोग्रामरकडे बसवलं. अनघा. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान. माझा प्रोग्राम तासभर वाचला तिने, मनापासून. वजनातली ओलाव्याची घट मी कशी धरलीय ते बघून हसली. “हे कुणी शिकवलं?” म्हटलं, फाटकावरच्या माणसांनी.

जेवताना तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, “ताई, तुम्हाला सांगितलंय ना? सरकी आम्ही चालवणार नाही. पुढच्या हंगामापर्यंत तुमचे सगळे ग्राहक आमच्या पॅकेजवर घ्यायचे आणि सरकी बंद.”

नाही सांगितलं, म्हटलं.

“मला वाटलं, सुधाकररावांना माहीत आहे म्हणजे...”

पुढचं जेवण गेलं नाही. परतीच्या गाडीत सु. खिडकीशी. मी विचारलं नाही. का नाही विचारलं?

गुरुवार, ५ डिसें.

विचारलं. ऑफिसात फोन घ्यायला बसते ती अलका बाहेर जाईपर्यंत थांबले.

“माहीत होतं,” सु. म्हणाला. “तुला सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस.”

“आणि तुला काय मिळणार?”

“खान्देशचा प्रमुख. धुळ्यात बसून.” मग आवाज चढला. “वसू, आठ वर्षं मी एसटीत काढली. प्रत्येक मालक विचारतो, रंगीत कधी येणार, माउसवालं कधी येणार. मी म्हणतो, दिवाळीत. दोन दिवाळ्या झाल्या! मी काय सांगत राहू?”

लपवलं हे वाईटच. पण बोलला त्यात खोटं काही नव्हतं. हे दुसरं जास्त लागलं.

अलकाने बाहेरून दोन चहा आणून ठेवले. एकच संपला.

बुधवार, ११ डिसें.

कराराचा मसुदा आला. कलम नऊ: दोन्ही भागीदारांनी तीन वर्षं कापसाच्या धंद्यासाठी कोणताही प्रोग्राम लिहायचा नाही, कुणाला लिहायला मदतही करायची नाही.

सु. आयुष्यात प्रोग्राम लिहिणार नाही. म्हणजे कलम माझ्यासाठीच.

मला येतं काय? कापूसच येतो. सावद्याचा एक केळीवाला मागे म्हणाला होता, आमच्यासाठी करा काहीतरी. एक्केचाळिसाव्या वर्षी केळी शिकायची.

दोघांच्या सह्या लागतात. सु. चार वेळा म्हणाला, “तुझ्यावर जबरदस्ती नाही.” चार वेळा म्हणावं लागलं म्हणजे आहेच.

मंगळवार, १७ डिसें. शिरपूर

स्वतःहून गेले. वाटलं, आधी नानांना सांगावं. ते म्हणतील, आम्हाला सरकीच पाहिजे. इतरही म्हणतील. तसं कर्णिकांना कळवता येईल.

नानांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “पुनावाला मानूस यी गया ना ताई आठे. पोऱ्याले दखाडं त्यानी. त्याले आवडनं.”

मुलाला त्यांचं पॅकेज दाखवूनही झालं. कधी? तर गेल्या आठवड्यात. सु. घेऊन आला होता.

“तुले वाईट वाटनं का?” नानांनी विचारलं. अगदी जीव लावून विचारलं. वर म्हणाले, तू त्या कंपनीत गेलीस तर बरंच, आमच्याकडे तूच येशील ना.

नाही म्हणून सांगितलं. मी नसेन. नाना बराच वेळ हाताने टेबल पुसत राहिले. टेबल स्वच्छ होतं. “पोऱ्या काय आयकत नही आते,” एवढंच.

त्यांच्यावर राग कसला धरायचा. माणूस प्रेमाने जेवायला घालतो म्हणून जुनं मशीन ठेवेल, हा हिशोब माझाच चुकला.

शुक्रवार, २० डिसें.

कर्णिकांना फोन. शब्द आधी कागदावर लिहून घेतले होते. दोन गोष्टी मागितल्या. सरकी किमान तीन हंगाम चालू ठेवा, अलका आणि मी सांभाळू. कलम नऊ काढा.

“मॅडम, भावना समजतात.”

म्हटलं, भावना नाहीत या, अटी आहेत.

ते म्हणाले, “कळवतो.” फोन ठेवला, कागदाची घडी केली. अलका बघत होती. म्हणाली, “ताई, बरं केलं.” तिच्या नोकरीचं काय होईल हे तिने अजून एकदाही विचारलेलं नाही.

गुरुवार, २६ डिसें.

उत्तर आलं. सरकी एक हंगाम. अलकाला धुळ्याच्या ऑफिसात जागा. कलम नऊ राहील. तीनच्या जागी दोन वर्षं.

सु. येऊन सही करून गेला. खाली माझं नाव टाइप केलेलं, वर सहीसाठी रिकामी रेघ. जाताना दारात थांबला. “मी तिथे असलो तर तुला वर्षभरात बोलावून घेईन.” त्याला ते खरं वाटत होतं, हे दिसत होतं. मला रागवायचं होतं. तेवढीही ताकद नव्हती.

अलका म्हणाली, धुळ्याला रोज येणं-जाणं जमणार नाही तिला. सासू आजारी.

कलम नऊ पुन्हा वाचलं. नाही म्हटलं तर? सु. सुटा होऊन त्यांच्याकडे जाणार. ग्राहक त्याच्या मागे. मी, अलका आणि छपाईत अडकलेलं विंडोज.

सोमवार, ३० डिसें.

सकाळी चोपड्याहून फोन. वजनकाटा आणि सरकी यांचे आकडे जुळेनात, शेतकरी फाटकात भांडतायत. निघाले. स्टँडवर सु. भेटला. माझी सही न्यायला धुळ्याहून आलेला. हातात पिशवी, पिशवीत कागद असणार.

“कुठे?”

सांगितलं. क्षणभर उभा राहिला, मग माझ्यामागे चोपड्याच्या गाडीत चढला. कितीतरी वर्षांनी दोघं एका जिनिंगला निघालो.

चोपडा जवळ आल्यावर म्हणाला, “काय ठरवलंस?”

बाहेर रस्त्याच्या कडेने कापसाच्या गाड्या उभ्या दिसायला लागल्या होत्या.

“आधी काटा बघू,” म्हटलं.

तो उठला, वरची माझी बॅग त्याने खाली काढून दिली.