एक घास ठमीला

१२ जानेवारी
ठमीनं आज परत फसवलं! सकाळी चुलीपाशी पायात घोटाळत लेकरासारखी रडली. वाटीत दूध ओतलं. तेवढ्यात शेजारच्या गौराबाई कुंपणावरून — "आगं प्रीती, आत्ताच आमच्यात पिऊन गेली की ती!" अंगणवाडीत वीस लेकरं भरवायची, घरी सासूबाई, वर ही मांजर. माझं जेवण झालं का, कुणी विचारतंय का?

१३ जानेवारी
आत्यांपुढं, म्हणजे सासूबाईंपुढं, ताट ठेवलं की ठमी समोर हजर. ओरडत न्हाय. नुसती बघते अन् एक पंजा ताटाला लावते. झालं, आत्यांचा हात तिच्याकडं! सासरे गेल्यापासून आत्या निम्म्या झाल्यात, अन् खायचं ते मांजरीला. डॉक्टरबाई म्हणाल्या, वजन आणखी उतरलं तर अवघड हाय.

१६ जानेवारी
लई चिडले. आख्खी भाकर दुधात कुस्करून दिली होती. ताट चाटूनपुसून साफ.
"आत्या, तुमी काय खाल्लं?"
"आमी दोघींनी खाल्लं की."
दोघींनी म्हणे! खोटं बोलतात.

१७ जानेवारी
ह्यांना सांगून ठमीला पोत्यात घातलं. गाडीवर नेऊन धरणापल्याड सोडली. आधी पोतं तीनदा गरागरा फिरवलं — तशी रीतच हाय, मांजर वाट विसरतं म्हणतात. हे परत आले ते तोंड पाडून. जेवलेही न्हाईत.
पायात कुणी न्हाय आता. सुटले.

१८ जानेवारी
आत्यांचं ताट जसंच्या तसं.

१९ जानेवारी
आजही तेच. घोटभर पाणी, बस्स. हात जोडले — "खावा की ओ, आत्या!"
"ती आली की बसते." मग हळूच म्हणाल्या, "एक घास तिला, एक मला. म्या खाल्ल्याबिगर पुढचा घेतच न्हाय बघ. लई हट्टी."
म्हणजे पोटात काय जात होतं ते ठमीमुळं. अन् मी काय करून बसले!

२० जानेवारी
हे धरणापल्याड दोनदा जाऊन आले. ठमी न्हाय.

२१ जानेवारी
ताट ठेवलं अन् ठमीच्या जागी मीच बसले. बोलले न्हाय. एक बोट ताटाला लावलं.
आत्यांनी लई वेळ बघितलं. भाकर मोडली, माझ्या तोंडाशी धरली. "सकाळपास्नं उपाशी हायस व्हय गं?"
होते की. रडूच आलं.
घास तोंडात तसाच धरून बसले. त्यांनी त्यांचा घेतला. मग मी गिळला.