कळकलेलं पनीर

प्रिय आये,

काल धरणावरच्या बंगल्यातल्या शिरीनबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या साहेबांची धरणावरून बदली झाल्यापासून त्या मुंबईलाच. तू गेल्याचं त्यांना आता कुठं कळलं, म्हणून विचारत विचारत इथं माझ्या सासरी माणला आल्या. दुपारभर तुझ्याबद्दलच बोललो. त्या गेल्यावर वाटलं, तुझ्याशीही बोलावं.

टोपलीतलं पनीर तुला त्यांनीच शिकवलं ना? तापल्या दुधात लिंबू पिळायचं, आणि मऊ गोळे बांबूच्या इवल्या टोपल्यांत निथळत ठेवायचे. बाबा म्हणायचे, चांगलं दूध नासवायचं कशाला? आणि पहिली टोपली तेच रिकामी करायचे.

त्या दिवशी बंगल्यावर पाहुणे यायचे होते, त्यांची लहान पोरंही; त्यांना आणि बाईंच्या मुलांना तुझंच पनीर जायचं होतं. आपलं मडकं पुरेना, म्हणून तू शेजारच्या काकूंचं पितळी पातेलं आणलंस. बुडाची कल्हई उडालेली तुला घाईत दिसली नाही. एरवी ताकाचं भांडंसुद्धा कल्हई शाबूत आहे का म्हणून उजेडात धरून बघणारी तू!

टोपल्या भरल्यावर एका गोळ्यावर हिरवट झाक दिसली, पितळेत कळकल्याची. तेवढ्यावरूनच सगळं फेकून द्यायचं होतं. पण तू तुकडा तोंडात टाकलास. का गं आये? थोड्याच वेळात उलट्या सुरू झाल्या. बाबा गाडी जुंपायला धावले, तर तू त्यांना थांबवलंस.

"आधी खड्डा खणा," म्हणालीस. "कुत्र्याच्याबी तोंडाला लागू देऊ नगा."

बाबांनी पनीर पुरलं, मगच तुला वैद्याकडं नेलं.

दुसऱ्या दिवशी शिरीनबाई चौकशीला आल्या. दूध आपोआप नासलं, म्हणून पनीर झालं नाही, असं सांगायचं बाबांनी ठरवलं होतं. तू मात्र अंथरुणात उठून बसलीस.

"बाई, कल्हई उडालेल्या भांड्यात पनीर कळकलं व्हतं. माजी नजर चुकली. तुमच्या पोरांच्या पोटात गेलं असतं."

मला वाटलं, संपलं. आता ह्या आपल्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाहीत.  पण त्या तुझ्या पायाशी बसल्या.

"ज्या घरानं मला हे सांगितलं," त्या म्हणाल्या, "त्याच घरचं पनीर माझी मुलं खातील."

पुढं त्यांनी इनॅमलचं पातेलं आणून दिलं, आणि टवका उडाला तर तेही वापरू नको म्हणून बजावलं. तूही किती जपायला लागलीस! कंदिलात रॉकेल भरलेला हात दुधाजवळ येऊ द्यायची नाहीस. पनीरचं फडकं नुसत्या उकळत्या पाण्यात धुवायचीस, धुण्याच्या सोड्याला शिवू द्यायची नाहीस. डीडीटी मारायला माणसं आली, की घरातलं सगळं दूधदुभतं आधी अंगणापार. आम्ही हसायचो, तूही हसायचीस. सुखाचे दिवस होते ते.

काल शिरीनबाईंनी आणि मी माझ्या चुलीवर पनीर केलं. छान जमलं. माझी तारा शेजारी बसून सगळं बघत होती.

आये, तिला मी तुझं सगळं शिकवीन. फक्त शंका आलेलं आधी आपणच खाऊन बघायचं, ही तुझी एक रीत तिला शिकवणार नाही. शब्द देते.

तुझीच,
सखू