एकशे एकावा शेअर

वेस्ट विंडसर, ३ मे

प्रिय सुमेधा,

कॉन्व्हेंटमध्ये शिवणाच्या तासाला तू माझ्या सुईत दोरा ओवून द्यायचीस आणि मी तुझ्या वाट्याची बटणं लावायचे. दोघींत मिळून एकच डोकं आहे, असं सिस्टर म्हणायच्या. (कौतुकानं नव्हे.) गुडघा कसा आहे? टेक्ससच्या उन्हात दुपारी चालायला जाऊ नकोस.

माझी तब्येत उत्तम. घटस्फोट अंगाला लागतोय. घर, गाड्या, भांडी तासाभरात वाटून झाली. अडलं ते कंपनीपाशी. प्रयोगशाळांचे तराजू तपासून देणाऱ्या आमच्या घरगुती कंपनीला बाजारभाव कुठला? म्हणून गिरीशनं किंमत ठरवणारा तज्ज्ञ आणला. त्यानं कंपनीची भरपूर स्तुती केली आणि मग सांगितलं, की माझ्या निम्म्या शेअरांना बाहेर गिऱ्हाईक नाही, त्यांच्या जोरावर एकटीला काही ठरवताही येत नाही, तेव्हा किमतीतून पस्तीस टक्के वजा. अठ्ठावीस वर्षं मी बिलं, पगार आणि गिरीशचा राग सांभाळला; त्यावर सेल लागला!

माझी वकील यामिनी (वयानं लेकीसारखी) गोड आवाजात म्हणाली, "काका, तुमचेही निम्मेच ना? मग याच भावात काकूंना विकून टाका."

"बेटा, इट्स नॉट द सेम थिंग," गिरीश म्हणाला आणि पाणी प्यायला.

मग रजिस्टर उघडलं, तर शेअर एकशे एक! आठवलं? आमच्या किचन टेबलावर कागद भरताना मीच म्हटलं होतं, आहेराच्या पाकिटात कुणी नुसते शंभर घालतं का? आम्हां दोघांचे पन्नास-पन्नास, आणि वरचा एक गिरीशनं तुझ्या नावावर टाकला, कारण तू चहा करत होतीस आणि तुझ्या पर्समध्ये सुटा डॉलर होता.

तज्ज्ञानं चष्मा काढला. तुझा एक शेअर ज्याच्या बाजूला, कंपनी त्याची. "म्हणजे किंमत टेक्ससच्या मावशींना विचारायला हवी," यामिनी म्हणाली. दुसऱ्याच दिवशी गिरीश पूर्ण किमतीला माझे शेअर घ्यायला तयार झाला. काल मी दुपारी दोन तास गाढ झोपले, वर्षभरात पहिल्यांदा.

तुझी,
लतिका

ता. क. कोर्टाचा शिक्का पंधरा तारखेला पडायचा आहे. तोवर गिरीश तुला "सुमेधाताई" म्हणत फोन करील. शेअर देऊ नकोस.

आणखी एक. मी मागितला, तर मलाही देऊ नकोस. परवा तो फोनवर नुसता खोकला, तर मी वीस टक्के सोडायला निघाले होते. यामिनीनं फोन काढून घेतला. शिक्का पडला की शेअर आमच्या लेकीच्या, अंतराच्या नावे कर (म्हणजे मीटिंगला गिरीशला तिला बोलवावंच लागेल), तुझा डॉलर तिच्याकडून वसूल कर, आणि सोबत ज्येष्ठमधाची पुडी आहे, ती गिरीशला पाठव. तुझ्या नावानं.