चौथ्या गाण्यातली टकटक

बाई, ती सीडी तुमच्यामुळे खराब झाली नव्हती. खरं तर ती खराबच झाली नव्हती. एवढं एक वाक्य सांगायला मला इतकी वर्षं लागली, आणि आता ऐकायला तुम्ही नाही.

टिळक नगरातली तुमची बैठकीची खोली. नुकतीच धुळीची आंधी येऊन गेलीय, पेटीच्या झाकणावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ आहे. तुम्ही कपाटातून सीडी काढता. मंडळाच्या गणपतीतलं तुमचं गाणं कुणीतरी रेकॉर्ड करून दिलं होतं, सहा गाण्यांची तेवढी एकच सीडी. नंतर घशाचं ऑपरेशन झालं, गाणं गेलं, आणि तुम्ही आम्हाला पेटीवर सूर दाखवून शिकवू लागलात. "कॉम्प्युटरवर चढवून ठेव गं, एका सीडीचा काय भरवसा? पुण्याला मुलालाही पाठवता येईल," असं म्हणत तुम्ही ती मलमलीनं गोल गोल पुसलीत. रेकॉर्ड पुसायची जुनी सवय. मी ते पाहिलं आणि मनात धरून ठेवलं.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि कॉम्प्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं अशा तोऱ्यात होते. जगतपुऱ्याला घरी आले, सीडी घातली, सिनेमाला जायची घाई होती म्हणून सगळ्यात जास्त स्पीड लावला. चौथ्या गाण्यात टकटक सुरू झाली, मधल्या दोन ओळी गायबच. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सगळ्या मुलींसमोर मी तुम्हाला सुनावलं, "बाई, सीडी मधून बाहेर अशी सरळ पुसायची असते. मतलब, गोल पुसली की ओरखडे गाण्यावरूनच फिरतात. आता काही होणार नाही तिचं." तुम्ही सवयीनं माझं हिंदी सुधारलंत, "मतलब नाही, म्हणजे." मग सीडी माझ्याकडे सरकवत, "माझंच चुकलं गं. तुझा वेळ गेला फुकट. आता तुझ्याकडेच ठेव ती, मला बघवायची नाही."

आठ दिवसांनी भावानं नवी कोरी सीडी आणली, तीही तशीच टकटकली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आंधीची धूळ आमच्याच ड्राइव्हच्या भिंगावर बसली होती. भिंग साफ केलं, स्पीड अगदी कमी केला, चुका तपासत वाचायचं सेटिंग लावलं आणि तुमची सीडी पुन्हा घातली. सहाच्या सहा गाणी स्वच्छ उतरली. चौथं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वाजलं तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मी घाबरले. पाच मुलींसमोर आपण काय बोललो होतो, तेच कानात वाजत राहिलं.

त्या गाण्यांची नवी सीडी करून मी पर्समध्ये टाकली. दर गुरुवारी ती क्लासला यायची आणि परत जायची. तुम्ही मात्र त्या दिवसापासून कुठल्याच सीडीला हात लावत नव्हतात. "तूच लाव गं, माझ्या हाताला यश नाही," असं म्हणून हात पदराखाली घ्यायचात. मी लावायचे, बटण दाबायचे, खाली बसायचे. पुढच्या गुरुवारी सांगू, परीक्षा झाल्यावर सांगू. मग हैदराबादला नोकरी लागली, आणि तिथेच तुम्ही गेल्याचा फोन आला. स्वतःचा आवाज एकदाही पुन्हा न ऐकता गेलात. तो माझ्या पर्समध्ये होता, बाई. मला माझी लाज वाटते.

वर्षभरानं गाणी तुमच्या मुलाला पाठवली. त्यांचं उत्तर आलं: 'आई शेवटपर्यंत म्हणायची, माझ्याच हातून बिघडली. इतक्या खराब सीडीतून तू हे काढलंस, तुझे उपकार कसे फेडू?' तेव्हा तरी खरं सांगायचं. मी लिहिलं, 'हो, थोडी मेहनत लागली.'

आज लिहायला बसताना ठरवलं होतं की हा कागद निदान त्यांना तरी पाठवायचा. पत्ता आहे माझ्याकडे. पण नाही पाठवणार मी.