मुक्त केलेल्या मुलीचं लग्न

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. वहिनीचा खोकला थांबला का? आईला गोळ्या समोर उभं राहून दे. ती विसरल्याचं सोंग करते.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. कादंबरीचा शेवट जमत नव्हता. हे कारण खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

प्राचीन रोममधली माझी ती गुलाम मुलगी तुला माहीत आहेच. संपादकबाई म्हणाल्या, "शेवट गोड कर गं. मालक तिला मुक्त करतो आणि तिच्याशी लग्न करतो." मला वाटलं, असं कुठे होतं का! ग्रंथालयात जाऊन बसले. दादा, असं खरंच व्हायचं. फक्त त्या बायकोला मालकाच्या मर्जीविरुद्ध त्याला सोडून दुसरं लग्न करता येत नसे. इतर बायकांना येई. हिला नाही, कारण हिला त्याने मुक्त केलं होतं.

मी लग्न लिहिलं आणि हा कायदाही लिहिला.

बाई चिडल्या. "हे कशाला मध्येच? रोमहून कोणी तक्रार घेऊन येणार आहे का?"

मी म्हटलं, "कायदा गाळायचा तर लग्नही गाळा."

"मग पुस्तकच राहू दे."

राहू दे तर राहू दे. हस्तलिखित उचलून घरी आले.

आता खरं कारण. तुझ्या मालकांच्या मुलाचं स्थळ. तू लिहिलंस, "त्यांनी तुला शिकवलं म्हणून आपल्या घरात कोणी कॉलेज पाहिलं. आता सून करून घेताहेत. कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं?"

याच तोंडाने. मुलगा वाईट नाही. पण त्या घरात मी कधी भांडले, कधी चपला घालून निघाले, तर जो तो एकच विचारेल: तुला शिकवलं कोणी? जन्मभर. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. तेवढ्यासाठी त्यांची सून होणार नाही.

यात तुझी दुकानातली नोकरी जाऊ शकते. हे कळूनच लिहितेय. तरीही नाही. निरोप तुझ्या गळ्यात घालत नाही. रविवारी येऊन मालकांना मीच सांगते. तू बरोबर येऊ नकोस. मान खाली घालून उभा राहशील आणि मला रडू फुटेल.

रागावलास तर रागव. पण आईला हे पत्र वाचून दाखव, एकही ओळ न गाळता.

नाही म्हणणारी आणि तरी तुझीच,
धाकटी