शेवटचे स्थानक आमच्या वस्तीत

मी, खाली सही करणारी, शिवणकामावर संसार केलेली आणि दोनदा नगरसेविका झालेली बाई, पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने ही व्यवस्था लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबावाला मी सभागृहात भीक घातली नाही, घरात तर प्रश्नच नाही.

१. माझी राहती सदनिका माझ्या पश्चात मुलीच्या एकटीच्या मालकीची होईल. मुलाने मनात किंतु आणू नये. त्याला मी हयातीतच दुकान थाटून दिले आहे.

२. आम्ही या सदनिकेत कसे आलो, हे नातवंडांना ठाऊक असावे. मेट्रो स्टेडियमपाशीच थांबवायचे ठरले होते. त्यापुढे आमची वस्ती. व्यापारी संघाचे अध्यक्ष तेव्हा सभागृहात समोरच्या बाकावर बसत. ते म्हणाले, "तिकडे गाडी नेली तर बसणार कोण?" मी उभी राहिले. "साहेब, तुमची दुकानं उघडायला जे रोज पायपीट करत येतात, तेच बसतील." माझ्या पक्षाने गप्प राहायला बजावले होते. मी विस्ताराच्या बाजूने हात वर केला. ठराव मंजूर झाला, माझी उमेदवारी गेली. पुढची निवडणूक अपक्ष लढले आणि जिंकले.

३. आखणी झाली तेव्हा मार्ग आमच्या वडिलांच्या घरावरून जात होता. अभियंता घरी येऊन हळूच म्हणाला, "बाई, मागच्या गल्लीतून थोडा वळवता येईल." मागच्या गल्लीत कितीतरी बिऱ्हाडे होती. मी म्हटले, "रेघ आहे तिथंच राहू द्या." घर गेले, त्याबदल्यात ही सदनिका मिळाली. धाकट्या भावालाही त्याचा वाटा मिळाला, पण "ताई, लोकांसाठी तू आपलंच घर पाडलंस," म्हणून तो गेला तो पुन्हा माझ्या दारात आला नाही. वडिलांचे सुतारकामाचे रंधे आणि पटाश्या मी तेलपाणी करून जपल्या आहेत. त्या त्याच्या. मात्र न्यायला त्याने स्वतः यावे, मुलाला पाठवू नये.

४. शिवणयंत्र सुनेला. ती याच मेट्रोने शिवणवर्गात शिकवायला जाते. तिची शिलाई माझ्यापेक्षा सफाईदार आहे, हे इथे कबूल करते.

५. उद्घाटनाची फीत व्यापारी संघाच्या अध्यक्षांनी कापली आणि भाषणात मेट्रो आपणच आणल्याचे सांगितले. मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. गाडी तर समोर उभी होती. माझ्या शोकसभेत त्यांना बोलू द्यावे, पण आवरते घ्यायला सांगावे.

६. स्थानकाला माझे नाव देण्याचा घाट कोणी घातल्यास घरच्यांनी लेखी विरोध करावा. पूर्वी आमची मुले नोकरीच्या अर्जात वस्तीचे नाव लपवून एखाद्या मावशीचा पत्ता द्यायची. आता साऱ्या शहरात, प्रत्येक गाडीत, तेच नाव मोठ्याने पुकारले जाते. ते बदलू नये.

लिहून ठेवणारी: सही
साक्षीदार: १. प्रकृती तपासून, घरचे डॉक्टर: सही
२. माझ्यासमक्ष, शेजारीण, निवृत्त मुख्याध्यापिका: सही
ठिकाण: राहते घर
दिनांक: निबंधकांच्या शिक्क्याप्रमाणे